दुकानाचा सर्व्हर दुकानातच
हिशेबाचे सॉफ्टवेअर बसवण्याचा सोपा आणि कमी खर्चाचा मार्ग

कापडाच्या धंद्यात हिशेब चोख असला तर निम्मी काळजी मिटते. सायझिंगला किती सूत गेले, कोणत्या कारखान्यात किती बीम चढले, किती ताके परत आले आणि कोणत्या विणकराचे किती मीटर झाले, या नोंदींवर अनेक घरांची रोजी अवलंबून असते. विणकराची मजुरी मीटरवर ठरते. पगाराच्या दिवशी काँप्युटर बंद पडला किंवा सॉफ्टवेअर उघडले नाही, तर शेठची गैरसोय होते, पण कारागिराच्या घरचा बाजार अडतो. म्हणून हा विषय केवळ काँप्युटरवाल्यांचा नाही, आपलाही आहे.

आजवर लहान दुकानदारासमोर दोनच रस्ते होते. पहिला, प्रत्येक काँप्युटरवर सॉफ्टवेअर वेगळे बसवायचे. मग डेटाबेस वेगळा, त्याची जोडणी वेगळी, एकावर चालते तर दुसऱ्यावर चालत नाही, आणि दर वेळी माणूस बोलवा व त्याची फी भरा. दुसरा, सगळा हिशेब इंटरनेटवर दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवायचा. त्यात बसवण्याची कटकट नाही, हे खरे. पण दरमहा भाडे द्यावे लागते, नेट गेले की काम थांबते, आणि भाडे थकले की आपलीच वही कुलपात जाण्याची भीती असते.

तिसरा रस्ताही आहे, पण आपल्या बाजारात त्याची माहिती कमी आहे. तो म्हणजे दुकानातल्याच एका काँप्युटरवर छोटा, हलका वेब सर्व्हर चालवणे.

‘सर्व्हर’ म्हटले की थंड खोलीतली मोठमोठी कपाटे डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात वेब सर्व्हर हा एक प्रोग्राम आहे. तो एका ठरलेल्या दरवाजाशी, म्हणजे पोर्टशी, कान देऊन बसतो. ब्राउझरने पान मागितले की देतो, माहिती भरून पाठवली की जमा करतो. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये स्वित्झर्लंडच्या सर्न संस्थेत जगातला पहिला वेब सर्व्हर चालवला, तोही टेबलावरच्या एका काँप्युटरवर. आपल्या घरातल्या वायफायच्या डब्यातही असाच छोटा सर्व्हर असतो. १९२.१६८.१.१ सारखा पत्ता टाकून आपण पासवर्ड बदलतो, ते पान तो डबाच देतो. टॅली वापरणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की टॅलीलाही सर्व्हर म्हणून चालवता येते, आणि तेव्हा ती सहसा ९००० क्रमांकाच्या पोर्टवर इतर प्रोग्रामशी देवघेव करते.

पूर्वी अशा कामासाठी अपाची, डेटाबेस आणि पीएचपी हे तिन्ही बसवून एकमेकांशी जुळवावे लागत. अपाची १९९५ सालचा, भक्कम आणि नामांकित. पण लहान दुकानासाठी तो जुळवणे म्हणजे चार मागांसाठी सायझिंगचा कारखाना काढण्यासारखे. पुढे हलकी साधने आली. २००० साली एसक्यूलाइट आले, त्यात सगळा डेटा एकाच फाईलमध्ये राहतो. गूगलने २००९ मध्ये जाहीर केलेल्या गो भाषेत वेब सर्व्हर आणि हिशेबाचा प्रोग्राम मिळून एकच फाईल करता येते. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने ती फाईल द्यायची, आपण ती एका फोल्डरमध्ये ठेवून दोनदा क्लिक करायचे, आणि ब्राउझरमध्ये पान उघडायचे. बसवणे एवढ्यात झाले.

खरा फायदा यापुढे आहे. सर्व्हर गल्ल्याजवळच्या काँप्युटरवर चालतो. त्याच काँप्युटरवर त्याचा पत्ता १२७.०.०.१, यालाच ‘लोकलहोस्ट’ म्हणतात. गोदामातला माणूस किंवा कारखान्याच्या ऑफिसातला मेहता त्याच वायफायवर असेल, तर त्याने आपल्या मोबाईलवर दुकानाच्या काँप्युटरचा आतला पत्ता आणि पोर्ट टाकावा. त्याच्या मोबाईलवर काहीही बसवावे लागत नाही. बाहेरचे इंटरनेट बंद असले तरी दुकानातले काम चालू राहते. सुधारलेली फाईल एका ठिकाणी बदलली की सगळ्यांना नवे पान दिसते. शिवाय ब्राउझरला उर्दू, मराठी आणि इंग्रजी तिन्ही लिपी दाखवता येतात. मेहताची नोंद उर्दूत आणि गिऱ्हाईकाचे बिल मराठीत ठेवायला अडचण नाही. फक्त प्रोग्राम युनिकोडमध्ये असावा.

यासाठी नवे यंत्र लागत नाही. पाच-दहा माणसांच्या कामाला जुना, पण धड चालणारा काँप्युटर पुरतो. काही जण रास्पबेरी पाय हा हाताएवढा काँप्युटर वापरतात, तो २०१२ पासून मिळतो. वीज जाते तिथे यूपीएस मात्र जरूर ठेवावा.

आता सावधगिरीच्या गोष्टी. पहिली, राउटरमधून बाहेरच्या जगासाठी पोर्ट उघडू नका. बाहेरून हिशेब पाहायचा असेल तर जाणकाराकडून व्हीपीएन करून घ्या. दुसरी, दुकानाच्या वायफायचा पासवर्ड गिऱ्हाईकांना देऊ नका, आणि प्रोग्रामलाही प्रत्येक माणसाचा वेगळा पासवर्ड असू द्या. तिसरी, राउटरमध्ये त्या काँप्युटरचा पत्ता कायम करून घ्या, नाहीतर तो बदलतो आणि सकाळी कोणालाच पान सापडत नाही. चौथी, पीएचपी आणि पायथन या भाषांबरोबर येणारे छोटे सर्व्हर चाचणीसाठी असतात. रोजच्या कामासाठी बनवणाऱ्याने त्यांवर भिस्त ठेवू नये, हे त्याला स्पष्ट विचारा.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सगळा हिशेब एका फाईलमध्ये असेल, तर ती फाईल गेली म्हणजे सगळे गेले. रोज दुकान बंद करताना प्रोग्राम बंद करून तिची नक्कल पेनड्राइव्हवर घ्या आणि तो पेनड्राइव्ह दुकानाबाहेर ठेवा. प्रोग्राम चालू असताना नुसती फाईल उचलली तर नक्कल अर्धवट येऊ शकते. महिन्यातून एकदा ती नक्कल दुसऱ्या काँप्युटरवर उघडून पाहा. जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. जॉबवर्कला पाठवलेले सूत साधारणपणे एका वर्षात परत आल्याचेही दाखवावे लागते. चलनाची नोंद हरवणे परवडणारे नाही.

सॉफ्टवेअर करून घेण्यापूर्वी बनवणाऱ्याला तीन प्रश्न विचारा: नेटशिवाय चालेल का? माझा सगळा डेटा मला एक्सेलमध्ये काढता येईल का? तुम्ही उद्या धंदा बंद केलात तर माझा प्रोग्राम उघडेल का? तिन्हींना ‘होय’ असे लेखी उत्तर मिळाले तरच पुढे जा.

सुरुवात एकाच वहीने करावी. कारखान्याला जाणाऱ्या मालाची चलने आणि परत येणारे ताके एवढेच आधी घ्या. दोन महिने कागदी वही आणि काँप्युटर बरोबरीने चालवा, आणि दर आठवड्याला दोन्हीचे मीटर जुळवा. ते जुळू लागले की मजुरीचा हिशेब त्यावर न्या आणि प्रत्येक विणकराला त्याच्या मीटरचा छापील कागद हातात द्या.