आठवडाभराची लोकप्रियता

मार्च २०२०मधल्या पहिल्या गुरुवारी रात्री अमेरिकेतल्या एमएसएनबीसी वाहिनीवर एक हिशेब झळकला. अध्यक्षपदाची डेमोक्रॅटिक उमेदवारी मागणारे अब्जाधीश, न्यूयॉर्कचे माजी महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी जाहिरातींवर ५० कोटी डॉलर उडवले, अमेरिकेची लोकसंख्या ३२ कोटी ७० लाख, म्हणजे त्या पैशात प्रत्येक अमेरिकन माणसाला दहा-दहा लाख डॉलर वाटता आले असते! निवेदक ब्रायन विल्यम्स यांनी कौतुकाने तो वाचून दाखवला, समोर बसलेल्या पत्रकार बाईंनीही त्यावर मान डोलावली. खरे उत्तर दीड डॉलर. आपल्याकडे स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसणाऱ्या पोरानेही हे गणित तोंडी सोडवले असते. विल्यम्स यांनी त्याच कार्यक्रमात चूक कबूल केली. पुढचे दोन दिवस समाजमाध्यमांवर या गणिताचीच चेष्टा चालली होती.

मला मात्र त्या दीड डॉलरचेच कुतूहल आहे. माणशी दीड डॉलर, आपले शंभर-सव्वाशे रुपये खर्च केले की एक उमेदवार चाचण्यांमध्ये दोन-तीन टक्क्यांवरून सोळा टक्क्यांवर जातो. आणि दोन आठवड्यांत घरी बसतो.

प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक) म्हणजे काय, डेलिगेट कसे मोजतात, हे तेव्हा महिनाभर पुरेसे छापून आले होते. ते पुन्हा उगाळत नाही. ३ मार्चच्या ‘सुपर ट्यूसडे’ला चौदा राज्यांपैकी दहा जो बायडेन यांनी घेतली, ब्लूमबर्ग यांच्या पदरात एकही राज्य पडले नाही. पडले ते पॅसिफिक महासागरातले अमेरिकन सामोआ ही बेटे. तिथे त्यांना मिळालेली मते १७५. हजार नव्हे, नुसती एकशे पंचाहत्तर. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माघार घेतली आणि बायडेन यांना पाठिंबा दिला.

यावरून लगेच निष्कर्ष निघाला की पैशाने निवडणूक विकत घेता येत नाही. हा निष्कर्ष ऐकायला गोड आहे, म्हणूनच त्याच्याकडे जरा संशयाने पाहायला हवे. पैशाने ब्लूमबर्ग यांना निवडणूक मिळाली नाही हे खरे, पण एक गोष्ट नक्की मिळाली: चाचणीतला आकडा. आणि २०२०च्या डेमोक्रॅटिक स्पर्धेत चाचणीतला आकडा म्हणजे मंचाचे तिकीट होते.

ते कसे, पाहा. ब्लूमबर्ग २४ नोव्हेंबर २०१९ला रिंगणात उतरले तेव्हा बाकीचे उमेदवार वर्षभर आयोवातल्या शेतकऱ्यांच्या घरी कॉफी पीत फिरत होते. यांनी पहिल्या चार राज्यांना हातच लावला नाही. पहिल्याच आठवड्यात तीन कोटी डॉलरहून अधिक रकमेच्या जाहिराती घेतल्या आणि थेट सुपर ट्यूसडेच्या राज्यांवर मारा सुरू केला. देणग्या घ्यायच्या नाहीत असे ठरवल्यामुळे पक्षाच्या वादचर्चांना त्यांना प्रवेश नव्हता, कारण ठरावीक संख्येने देणगीदार असणे ही अट होती. ३१ जानेवारीला पक्षाने ती अटच काढून टाकली. नव्या नियमाप्रमाणे चार राष्ट्रीय चाचण्यांत दहा टक्के मिळवले तरी पुरेसे होते. १८ फेब्रुवारीला मॅरिस्टच्या चाचणीत ब्लूमबर्ग १९ टक्क्यांवर, प्रतिस्पर्धी बर्नी सँडर्स यांच्याखालोखाल दुसरे, आणि लास वेगासचा मंच खुला. त्या चाचणीतल्या डेमोक्रॅटिक नमुन्यात त्रुटीची मर्यादा पाच टक्क्यांच्या वर होती. मथळ्यात मात्र ‘दुसरा क्रमांक’ एवढेच होते.

दुसरीकडे कमला हॅरिस. वर्षभर प्रचार करून ३ डिसेंबरला त्यांनी माघार घेतली. प्रचार पुढे चालवायला पैसा उरला नाही, असे त्यांनीच सांगितले. वर्षभर गावोगाव फिरलेल्या सिनेटर बाई बाहेर आणि तोवर एकाही प्रायमरीत न उतरलेले अब्जाधीश आत. पैशाचा खरा प्रभाव हा आहे, आणि तो मतपेटी उघडण्याच्या कितीतरी आधी लागू पडतो.

आता त्या जाहिरातींबद्दल. २ फेब्रुवारीला सुपर बोल सामन्यात ब्लूमबर्ग यांनी साठ सेकंद घेतले. किंमत एक कोटी डॉलरच्या आसपास. ट्रम्प यांनीही त्याच सामन्यात साठ सेकंद घेतले होते, ते वेगळे. ब्लूमबर्ग यांच्या त्या मिनिटात एक कृष्णवर्णीय आई बोलते. मुलगा लहानपणापासून फुटबॉलचा वेडा होता, २०१३ साली गोळीबारात गेला. सामना फुटबॉलचा, मुलगा फुटबॉलचा; जाहिरात बनवणाऱ्याने ही जागा अचूक हेरली. मग ती सांगते की बंदूकवाल्यांची लॉबी या माणसाला घाबरते. बोलते ती आईच. उमेदवाराला स्वतःबद्दल काही बोलावे लागत नाही. दुसऱ्या एका जाहिरातीत बराक ओबामा ब्लूमबर्ग यांची स्तुती करताना दिसतात. दृश्ये जुनी, अध्यक्ष आणि महापौर म्हणून भेटले तेव्हाची. ओबामांनी कोणालाही पाठिंबा दिलेला नव्हता, पण तीस सेकंदांत हा फरक कोणाच्या लक्षात राहतो? तीन महिने लोकांनी ज्या ब्लूमबर्गना पाहिले ते असे होते: इतरांच्या तोंडून ऐकू येणारे, संगीतावर चालणारे, कधीच न अडखळणारे.

अशा जाहिरातीचा परिणाम किती टिकतो? याचे सगळ्यात चोख उत्तर मिळाले ते टेक्सासमध्ये, आणि त्यासाठी एका राजकारण्याने स्वतःच्या प्रचारावर प्रयोग करू दिला. रिक पेरी २००६ साली तिथल्या गव्हर्नरपदासाठी पुन्हा उभे होते. त्यांचे प्रचारतज्ज्ञ डेव्ह कार्नी यांनी राज्यशास्त्राचे चार प्राध्यापक आत घेतले: अॅलन गर्बर, डोनाल्ड ग्रीन, जेम्स गिम्पेल आणि डॅरन शॉ. प्रचार कार्यालयात ही पुस्तकी मंडळी म्हणजे थट्टेचाच विषय. पण त्यांनी जे मागितले ते धाडसी होते. कुठल्या भागात जाहिरात कधी सुरू करायची आणि किती दाखवायची, हे सल्लागारांच्या अंदाजाने नव्हे, तर चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवायचे. औषधाच्या चाचणीत करतात तेच. सुमारे वीस लाख डॉलरच्या टीव्ही-रेडिओ जाहिराती अशा रीतीने वाटल्या गेल्या, आणि रोज फोनवरून लोकांना विचारले गेले की मत कोणाला.

निष्कर्ष २०११ साली अमेरिकन पोलिटिकल सायन्स रिव्ह्यू या नियतकालिकात आला. जाहिरातीचा परिणाम होतो, चांगला घसघशीत होतो. ज्या आठवड्यात मारा जोरात, त्या आठवड्यात पाठिंबा झपाट्याने चढतो. आणि मारा थांबला की जेमतेम आठवड्यात तो जवळजवळ सगळा विरून जातो. लोकांचे मत बदललेलेच नसते. नाव तोंडावर असते, फोन आला की तेच बाहेर येते.

या एका प्रयोगावर सगळा डोलारा उभा करू नये, हे मान्य. पण जोशुआ काल्ला आणि डेव्हिड ब्रूकमन यांनी २०१८ साली ४९ क्षेत्रीय प्रयोग एकत्र तपासले तेव्हा चित्र आणखी कठोर निघाले: मुख्य निवडणुकीत पक्षाचा शिक्का समोर असताना प्रचाराने मन वळवण्याचा सरासरी परिणाम शून्याच्या आसपास. प्रायमरीत मात्र सगळे एकाच पक्षाचे असल्याने थोडी जागा असते. ब्लूमबर्ग नेमके त्या जागेत घुसले होते. त्यांचा आलेख चढला यात जादू काहीच नाही. गळक्या टाकीत नळ पूर्ण सोडून ठेवला तर पाण्याची पातळी दिसते. ती टाकीची नसते, नळाची असते.

पेरी यांची गोष्ट इथेच संपत नाही, आणि पुढचा भाग सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०११च्या ऑगस्टमध्ये ते अध्यक्षपदाच्या स्पर्धेत उतरले आणि बघता बघता रिपब्लिकन चाचण्यांत पहिले आले. ९ नोव्हेंबरला मिशिगनमधल्या वादचर्चेत ते सांगू लागले की मी निवडून आलो तर तीन सरकारी खाती बंद करीन. दोन सांगितली, तिसरे आठवेना. भर मंचावर जवळजवळ मिनिटभर ते आठवत राहिले आणि शेवटी हार मानली. विसरलेले खाते होते ऊर्जा. ट्रम्प यांनी २०१७ साली त्यांना त्याच खात्याचे मंत्री केले.

१९ फेब्रुवारीला लास वेगासला ब्लूमबर्ग यांचे जे झाले ते याच जातीचे. सुमारे दोन कोटी लोक पाहत होते, डेमोक्रॅटिक वादचर्चेच्या इतिहासातला विक्रमी प्रेक्षकवर्ग. आणि त्यातल्या बहुतेकांनी हा माणूस संहितेशिवाय बोलताना पहिल्यांदा पाहिला. प्रतिस्पर्धी उमेदवार एलिझाबेथ वॉरन यांनी पहिल्याच वाक्यात ब्लूमबर्ग यांनी बायकांबद्दल पूर्वी काढलेल्या उद्गारांना हात घातला, मग कंपनीतल्या स्त्रियांशी केलेल्या तोंडबंदीच्या करारांचा विषय काढला आणि विचारले, त्या बायकांना बोलू देता का? ब्लूमबर्ग डोळे फिरवत, अडखळत राहिले. रस्त्यात अडवून अंगझडती घेण्याच्या पोलिसी धोरणाबद्दल त्यांनी नोव्हेंबरात ब्रुकलिनच्या एका चर्चमध्ये माफी मागितली होती. तीही तिथे कामी आली नाही. मॉर्निंग कन्सल्टच्या चाचणीत ते २० वरून १७ वर आले. तीन टक्केच, पण दिशा पहिल्यांदाच उलटी. गंमत अशी की नळ तेव्हाही पूर्ण सोडलेला होता.

पुढे २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनात बायडेन मोठ्या फरकाने जिंकले, बुटिजेज आणि क्लोबुचर या दोन उमेदवारांनी माघार घेऊन त्यांना पाठिंबा दिला. सुपर ट्यूसडेच्या राज्यांत ब्लूमबर्ग यांच्या जाहिराती वीस कोटी डॉलरहून अधिकच्या, बायडेन यांच्या वीस लाखांच्या आसपास. शंभर पटींचा फरक. मॅसॅच्युसेट्स आणि मिनेसोटात बायडेन यांनी प्रचार म्हणावा असा केलाच नव्हता. दोन्ही त्यांना मिळाली.

दोन राज्ये शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. कोलोरॅडोत जवळजवळ सगळे मतदान टपालाने होते, म्हणजे बऱ्याच मतपत्रिका साउथ कॅरोलायनाच्या त्या शनिवारच्या आधीच भरल्या गेल्या. तिथे ब्लूमबर्ग यांना पंधरा टक्क्यांहून जास्त मते मिळाली. व्हर्जिनियात बहुतेक लोक मंगळवारी केंद्रावर गेले. तिथे ते दहाच्या आसपासच राहिले. आणि व्हर्जिनिया हे तर त्यांच्या प्रचाराचे पहिले राज्य, पहिली फेरी नॉरफोकलाच काढली होती. दोन राज्यांत इतर फरकही आहेत, तेव्हा हा पुरावा नव्हे. पण टेक्सासच्या प्रयोगातल्या प्राध्यापकांना हे आकडे पाहून आश्चर्य वाटायचे कारण नाही.

आपल्याला हे सगळे परके वाटू नये. २००४ साली ‘इंडिया शायनिंग’च्या जाहिरातींनी देश झगमगला होता, चाचण्याही वाजपेयी सरकारच्या बाजूने होत्या, निकालानंतर पराभवाची जबाबदारी घ्यायला प्रमोद महाजन पुढे आले. फरक आहे तो कायद्याचा. आपल्याकडे २०१९च्या लोकसभेला महाराष्ट्रातल्या उमेदवाराला ७० लाखांची मर्यादा होती, पक्षाला मात्र कसलीच नाही. ही पळवाट केवढी मोठी आहे ते सगळ्यांना माहीत आहे. अमेरिकेत बकली खटल्याच्या १९७६च्या निकालापासून उमेदवाराने स्वतःच्या खिशातून किती खर्च करावा यावर बंधनच नाही. ज्याची संपत्ती तेव्हा साठ अब्ज डॉलरच्या घरात होती त्याला पन्नास कोटी म्हणजे शेकड्याला एकही नव्हे. आपला ढोंगीपणा बरा की त्यांचा उघडेपणा, हे मला अजून ठरवता आलेले नाही. पण त्यांच्याकडे निदान हिशेब दिसतो.

तेव्हा अमेरिकी निवडणुकीआधी चाचण्यांचे जे मथळे येतील ते वाचताना वाचकांना एक विनंती. टक्केवारीआधी चाचणीची तारीख पाहा आणि त्याआधीच्या आठवड्यात कोणी किती जाहिरात केली तेही शोधा. अवघड नाही. अध्यक्षपदाच्या उमेदवारांचे खर्च अमेरिकेच्या केंद्रीय निवडणूक आयोगाकडे निवडणुकीच्या वर्षात दर महिन्याला जमा होतात आणि कोणालाही फुकट पाहता येतात. ब्लूमबर्ग यांचा फेब्रुवारीचा हिशेब २० मार्चपर्यंत द्यायचा होता, आणि पन्नास कोटींचा आकडा त्यात मागे पडला होता.