काय मिटवायचं, काय मिटवायचं नाही

गटाची बैठक उठायला आली की एखादी बाई हळूच म्हणते, "काल रात्री शेजारी परत मारहाण झाली. आपण जायचं का?" मग सगळ्या एकमेकींकडं बघतात. एक म्हणते, घरातलं भांडण आहे. दुसरी म्हणते, पोलिसांत गेलो तर उद्या बोल आपल्यालाच लागेल. आफ्रिकेतल्या लायबेरिया देशातल्या बायकांपुढंही हाच प्रश्न होता. त्यांनी त्यातून वाट कशी काढली, आणि त्या वाटेवर आपल्या देशातल्या पोलीस बायका कशा भेटल्या, ते आज सांगते.

लायबेरिया हा पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा लहान देश. 1989 पासून 2003 पर्यंत, मधली थोडी वर्षं सोडली तर, तिथं यादवी युद्ध चाललं. दोन लाखांहून जास्त माणसं मेली असा अंदाज आहे. लहान पोरांच्या हातात बंदुका दिल्या गेल्या, बायकांवर अत्याचार झाले. 2003 साली लेमा बोवी यांच्या पुढाकारानं ख्रिस्ती आणि मुसलमान बायका एकत्र आल्या. पांढरे कपडे घालून त्या राजधानी मोनरोव्हियातल्या मासळीबाजाराजवळच्या मैदानात ऊनपावसात रोज बसायच्या. घाना देशात तहाची बोलणी रेंगाळली, तेव्हा बायकांनी तिथल्या सभागृहाच्या दारातच ठाण मांडलं. त्या ऑगस्टमध्ये तह झाला. बोवींना पुढं 2011 चं नोबेल शांतता पारितोषिक मिळालं.

युद्ध थांबलं, पण बायकांच्या मनातली भीती थांबली नाही. घरात मारहाण होत होती, पोरींवर हात टाकले जात होते. पोलिसांवर लोकांचा भरवसा उरला नव्हता. त्यात पोलीस दलात बायका अगदी थोड्या. सोसलेलं सांगायचं कुणाला?

जानेवारी 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतातून एक पोलीस तुकडी तिथं गेली. केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या शंभराहून जास्त बायका त्यात होत्या. शांतिसेनेच्या कामावर गेलेली फक्त बायकांची अशी ही जगातली पहिलीच तुकडी. राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीवर पहारा देणं, रात्री स्थानिक पोलिसांबरोबर गस्त घालणं, गर्दी सांभाळणं, हे त्यांचं काम. शिवाय तिथल्या पोरींना त्यांनी स्वतःचा बचाव करायला शिकवलं, संगणकाची ओळख करून दिली. 2016 पर्यंत एकामागून एक तुकड्या जात राहिल्या.

यातून तिथल्या बायकांना काय मिळालं? बंदूक खांद्याला लावून रात्री रस्त्यावर उभी असलेली बाई रोज डोळ्यांपुढं दिसली. असं बाई करू शकते, हे कुणाला भाषण देऊन सांगावं लागलं नाही. भारतीय तुकडी आली तेव्हा लायबेरियाच्या सुरक्षा दलांत शंभरात सहा बायका होत्या. ती गेली तेव्हा सतरा झाल्या होत्या. याचं सगळं श्रेय आपल्या पोरींचं नाही. तिथल्या सरकारनं बायकांची भरती मनावर घेतली होती, आणि युद्धामुळं ज्यांची शाळा सुटली त्यांना ती पुरी करायला खास वर्ग काढले होते. बाहेरून आलेल्यांनी वाट दाखवली, चालल्या त्या तिथल्याच बायका.

गावोगावी मात्र वेगळं काम चाललं होतं. तिथं जुनी रीत अशी, की गावातले जाणते पुरुष एका झोपडीत बसून तंटे सोडवायचे. युद्धानंतर बायकांनी आपल्या स्वतंत्र झोपड्या उभ्या केल्या. त्यांना म्हणतात शांतिकुटी. नवराबायकोची भांडणं, उसनवारीचे वाद, जमिनीच्या कुरबुरी तिथं बायकाच ऐकून घेतात. आधी एकीचं ऐकायचं, मग दुसऱ्याचं, मग तोडगा. कितीक कुटींत बचतीचं कामही चालतं, आपल्या गटासारखंच.

पण यातली शिकण्यासारखी मोठी गोष्ट पुढंच आहे. सगळंच कुटीत मिटवायचं नाही, हे त्यांनी ठरवलं. बलात्कार, गंभीर मारहाण, पोरींवरचा अत्याचार असला की प्रकरण पोलिसांकडं द्यायचं. काही ठिकाणी त्यासाठी कुटीतल्या बायकांना मोबाईल दिले गेले, म्हणजे लगेच पोलिसांना कळवता येईल. गावातल्या बायका पोलिसांचे डोळे-कान झाल्या, आणि पोलिसांनाही त्यांच्या प्रश्नांना उत्तर द्यावं लागलं.

सख्यांनो, आपल्याकडं नेमकी इथंच गडबड होते. कर्जाच्या दोनशे रुपयांवरून दोघी पोलीस ठाण्यात जातात, आणि पोरीवर कुणी हात टाकला तर चार माणसं बसून "घराण्याची अब्रू" म्हणत प्रकरण दाबतात. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा 2012 चा कायदा, म्हणजे पोक्सो, सांगतो की असा गुन्हा कळला तर तो पोलिसांना कळवलाच पाहिजे. तो गावबैठकीत मिटवता येत नाही. माहीत असून गप्प बसणाऱ्यालाही शिक्षा होऊ शकते.

दुसऱ्या देशाची वस्तू जशीच्या तशी उचलून आपल्या अंगणात ठेवून भागत नाही. लायबेरियातल्या बायकांनी बाहेरच्यांकडून धीर घेतला आणि झोपडीची रीत आपल्याच गावातली वापरली. आपणही तसंच करू.

पुढच्या बैठकीत एक वही घ्या. पानाच्या मध्ये उभी रेघ मारा. डाव्या बाजूला लिहा, गटात बोलून सुटण्यासारखं काय. उजव्या बाजूला लिहा, ज्याला हात न लावता पोलिसांकडं द्यायचं ते काय. खाली नंबर लिहा: तातडीला 112, बायकांच्या मदतीला 181. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांचा नंबरही मिळवा. 2005 च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली मदत करणं हे त्यांचंच काम आहे. आणि लक्षात ठेवा, गुन्हा कुठंही घडलेला असो, तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. "आमच्या हद्दीत नाही" म्हणून परत पाठवलं तर तिथंच बसा, एकटीनं नको, चौघींनी मिळून बसा.

मग पुढच्या वेळी कुणी हळूच विचारलं, "आपण जायचं का?" तर एकमेकींकडं बघायची वेळ येणार नाही. उत्तर वहीत लिहिलेलं असेल. भेटू पुढच्या आठवड्यात, याच वेळी.