वाटी आणि तराजू

जुना शेर दुहेरी होता; एक मापाचा, एक वजनाचा. दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हा हिशेब मापाचा. 1956 च्या कायद्याने किलो नि लिटर आले. स्वयंपाकघरातली वाटी मात्र तशीच राहिली.

नानकटाईला वाटीभर तूप, वाटीभर पिठीसाखर आणि दोन वाट्या मैदा लागतो. 200 मिलिलिटरच्या वाटीत तूप सुमारे 180 ग्रॅम भरते, सैल भरलेला मैदा जेमतेम 100. वाटी म्हणजे 200 ग्रॅम समजून मैदा तोलला, तर तो दुप्पट पडतो. गोळा वळत नाही आणि महागाचे तूप वाया जाते.

तेव्हा भगिनींनो, रिकामी वाटी तोला, मग पाण्याने भरून तोला. जितके ग्रॅम पाणी, तितक्या मिलिलिटरची वाटी! पुढे एकेक जिन्नस तसाच तोलून वजने वहीत टिपून ठेवा. सूनबाईंनाही ती वही उपयोगी पडेल.