घट बसायच्या आधी परस किती झाडायचा?

घट बसायच्या आत घर झाडून, वाकळा-गोधड्या धुऊन, परसातलं गवत काढून मोकळं व्हायचं, हा आमच्याकडचा शिरस्ता. बीड जिल्ह्यात बहुतेक गावांत असंच चालतं. पावसाळाभर माजलेला तरोटा, आघाडा, एकदांडी, कुंपणाचा एरंड असं सगळं दोन दिवसांत विळ्याखाली जातं आणि उरलेलं काडी लावून पेटवतात. अलीकडे तर काही घरी विळाही लागत नाही. तणनाशकाचा एक पंप मारला की आठवड्यात परस पिवळा पडतो.

माझं संशोधन एकट्या राहणाऱ्या मधमाश्यांवर आहे. त्यामुळे दर वर्षी याच दिवसांत आईचं आणि माझं वाजतं. मागच्या वर्षी मी अगदी ठरवून गावी गेले आणि सांगितलं, की यंदा परसाला हात लावायचा नाही. आई म्हणाली, "माश्यांसाठी घर घाण ठेवायलीस का? अन् इचू-काट्याचं काय?" मी हसले. आठ दिवसांनी भिंतीला टेकवून ठेवलेल्या जुन्या तुराट्यांच्या ढिगाखालून घोणस निघाली. सर्पमित्र आले, त्यांनी ती नेली, कुणाला काही झालं नाही. पण त्या संध्याकाळी मला पुस्तकातलं एक वाक्यही आठवेना.

तर हा लेख त्या घोणशीनंतरचा आहे, असं समजा.

माझी पहिली चूक साधी होती. मी दुसऱ्याचा ऑक्टोबर आमच्या परसात आणला होता. अमेरिकेत झर्सीस सोसायटी ही कीटकांसाठी काम करणारी संस्था 'पानं राहू द्या' अशी मोहीम चालवते. तिकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात पानगळ होते, मग बर्फ पडतो, आणि त्या पानांच्या थराखाली फुलपाखरांचे कोष, भुंगेरे, राणीमाश्या थंडी काढतात. पानं गोळा करून फेकली की तेही जातात. सल्ला बरोबरच आहे, पण तिकडच्यासाठी. आपल्याकडे ऑक्टोबरात पानगळ कुठली? बालाघाटावरची झाडं पानं टाकतात ती माघ-फाल्गुनात. साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही चार महिन्यांत. त्यानंतर जमीन हळूहळू वाळत जाते. आपल्या जिवांना काढायचा असतो तो कोरडा काळ आणि पुढचा उन्हाळा. थंडी ही त्यांची अडचण नाही.

म्हणजे आपल्याकडे सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा झोपी जायचा काळ नाही, उलट गडबडीचा आहे. बोरीला मोहोर असतो, गवतं दाण्यावर येतात, मुनियांचे थवे त्या दाण्यांवर उतरतात, आणि शेतात तूर फुलायला लागते. नेमक्या याच वेळी आपण परस साफ करतो.

तुरीचं उदाहरण घेऊ, कारण ते तुम्हाला लगेच पटेल. तुरीचं फूल बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळतं. माशी आली नाही तर शेंगा लागणारच नाहीत असं अजिबात नाही, आणि तसं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. पण कडधान्यांमध्ये तूर जरा वेगळी आहे. तिच्यात परपरागीकरणही बऱ्यापैकी होतं, आणि ते वारा नाही, माश्या करतात. हैदराबादजवळच्या पाटनचेरूला इक्रिसॅट ही संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी तुरीचं संकरित वाण करताना याच गोष्टीचा फायदा घेतला. नर-वंध्य झाडांच्या ओळींवर पराग नेण्याचं काम त्यांनी माश्यांवरच सोपवलं. तुम्ही घरचं बियाणं चार-पाच वर्षं वापरलं की वाण 'मिसळतं' म्हणता ना, त्यामागेही याच माश्या असतात.

या माश्या पोळ्यातल्या नाहीत. आग्या, सातेरी, फुलोरी यांना आपण ओळखतो, कारण त्यांचं पोळं दिसतं, मध मिळतो आणि चावाही. पण जगात मधमाश्यांच्या २० हजारांहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक एकट्या राहतात. राणी नाही, कामकरी नाहीत, मध साठवणं नाही. एक मादी, तिचं एक बीळ, आणि त्यात ओळीने केलेल्या कोठड्या. प्रत्येक कोठडीत परागाचा एक गोळा, त्यावर एक अंडं, वर झाकण. तुरीवर येणारी एक महत्त्वाची माशी म्हणजे पानं कापणारी माशी. गुलाबाच्या किंवा बोगनवेलीच्या पानाला कडेने कुणीतरी गोल चकती कापून नेल्यासारखं दिसतं, ते तिचं काम. आपण रोग समजून औषध मारतो. ती त्या चकत्या गुंडाळून पोकळ काडीत किंवा भिंतीच्या भोकात कोठड्या बांधते.

आता हिशेब लावा. भाद्रपदात तिने परसातल्या वाळक्या एरंडाच्या पोकळ खोडात घर केलं. आपण घट बसायच्या आत ते खोड मुळापासून तोडून जाळलं. कार्तिकात तुरीवर यायची होती ती पिढी त्या काडीतच होती.

दुसरी एक बारकी काळपट-हिरवी माशी आहे, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. ती काडीतलं भेंड कोरून आत राहते. पण तिला साल फोडता येत नाही, तुटलेलं किंवा कापलेलं तोंड लागतं. हे मला संशोधनात सगळ्यात उपयोगी पडलेलं वाक्य आहे, कारण आईचा विळा आणि माझी माशी यांचा समेट इथेच होतो. 'कापूच नका' हा सल्लाच चुकीचा. कापा, पण गुडघ्याएवढं खोड उभं ठेवून कापा. उघडं भेंड दिसलं की ती माशी येते. वरचा झुडपा जातो, परस मोकळा दिसतो, आणि खाली काड्या राहतात.

तिसरं घर तुमच्या भिंतीत आहे. आपल्याकडची जुनी माळवदाची घरं, पांढरीच्या मातीच्या जाड भिंती. त्यांच्या उन्हाकडच्या बाजूला पेन्सिल जाईल एवढी भोकं दिसतात. ती उंदरांची नाहीत. पोटावर निळे पट्टे असलेली, एका जागी न थांबता फुलाफुलांवर झेपावणारी एक माशी तिथे राहते. तिचं कौशल्य असं, की फुलाला धरून ती छातीचे स्नायू थरथरवते आणि मिठाच्या डबीतून मीठ पडावं तसा पराग खाली झडतो. वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलातला पराग टोकाच्या बारीक भोकातून असाच हलवून बाहेर काढावा लागतो. पोळ्यातल्या मधमाशीला ही थरथर जमत नाही. म्हणजे परसातल्या वांग्याची फळं भरण्यात त्या पडक्या भिंतीचाही हात आहे. घरकुल मंजूर झालं की जुनी भिंत पाडायची घाई होते. राहत्या घराची पाडाच, मातीच्या भिंतीखाली कुणी राहावं असं मी म्हणणार नाही. पण परसाच्या कुंपणाची दोन हात भिंत राहिली तर कुणाचं अडतं?

काड्या आणि भिंती सोडून बहुतेक जाती थेट जमिनीत बिळं करतात. त्यांना उघडी, न नांगरलेली, पाणी न साठणारी माती लागते. परसाला पेव्हर ब्लॉक बसवले की विषय संपला.

आता 'देशी झाडं' या विषयाकडे येते. यावर बोललं तरी बरंच जातं आणि थापाही बऱ्याच असतात. डेझिरे नारँगो, डग टॅलमी आणि पीटर मारा यांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वॉशिंग्टन शहराच्या आसपासच्या घरांच्या बागांमध्ये त्यांनी कॅरोलिना चिकडी या चिमणीहून लहान पक्ष्याची वीण पाहिली. बागेतल्या झाडोऱ्यात देशी झाडांचं प्रमाण ७० टक्क्यांच्या खाली गेलं, की त्या पक्ष्याची संख्या टिकेना. कारण सरळ आहे. दाणे खाणारे पक्षीसुद्धा पिल्लांना अळ्या भरवतात, आणि बहुतेक अळ्या ठरावीक झाडांचीच पानं खाऊ शकतात. परदेशी झाड हिरवं दिसतं, पण अळीच्या दृष्टीने ते प्लॅस्टिकचं असतं.

७० हा आकडा जसाच्या तसा बीडला लावू नका. तो पक्षी वेगळा, झाडं वेगळी. पण कारण इथेही तेच आहे. रुई बघा. तिचा चीक विषारी, शेळीही सहसा तोंड लावत नाही. पण केशरी पंखांच्या, काळ्या-पांढऱ्या कडेच्या एका फुलपाखराच्या अळ्या तिच्यावरच वाढतात आणि तेच विष अंगात साठवून पक्ष्यांपासून वाचतात. आपण शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतो आणि रविवारी परसातली रुई उपटतो. तरवड आणि तरोटा यांच्यावर पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या असतात. उलट गुलमोहर मादागास्करचा, बोगनवेल दक्षिण अमेरिकेची, माळरानं हिरवी करायला लावलेलं ग्लिरिसिडिया मध्य अमेरिकेतलं.

मात्र सोवळं फार पाळू नये. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं बीडचं सीताफळ, धारूर-बालाघाटच्या डोंगरात आपोआप उगवणारं, तेही मूळचं अमेरिका खंडातलंच. दसऱ्याचा झेंडू मेक्सिकोचा. सीताफळाचं परागीकरण करतात ते बारके भुंगेरे, जे कुजक्या फळांत आणि पालापाचोळ्यात वाढतात. बागेत सगळं झाडून लख्ख ठेवलं तर तेही कमी होणार. पण कुजक्या फळात फळमाशीही वाढते, म्हणून बागायतदाराने पडलेली फळं उचलावीत आणि पाला तेवढा राहू द्यावा, असं माझं मत आहे.

आणि 'रानटी ते सगळं चांगलं' हेही खोटं. गाजर गवत ठेवायचं नाही. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम दिसलेलं हे गवत आता कुठल्या बांधावर नाही ते सांगा. फुलावर यायच्या आधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटा. घाणेरी आणि वेडी बाभूळ यांचंही तेच.

राहिला साप. हा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही, मी नेला होता. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. वर्षाला सरासरी ५८ हजार, आणि त्यात खेड्यातली, शेतात राबणारी माणसंच जास्त. साप माश्यांसाठी येत नाही. तो येतो उंदरामागे, आणि उंदीर येतो धान्य, गोवऱ्यांचा उडवा, तुराट्यांचा आणि सरपणाचा आडवा ढीग यांच्यामागे. आमच्या घोणशीचा माझ्या उभ्या काड्यांशी संबंध नव्हता, भिंतीला लागून रचलेल्या ढिगाशी होता. त्यामुळे आता आमच्या घरी असं ठरलंय: घरापासून पंधरा फूट एकदम लख्ख, सरपण घरापासून लांब आणि दगडांवर उचलून ठेवलेलं, रात्री परसात जायचं तर बॅटरी. त्यापलीकडे, कुंपणालगतची पट्टी माझी. तिथे काड्या गुडघ्याएवढ्या, गवत दाणे झडल्यावरच कापायचं आणि गुरांना घालायचं, तणनाशक नाही, पेटवापेटवी नाही. यंदा त्या पट्टीत एक बोर, दोन तरवड आणि एक आपटा लावलाय. आपटा मुद्दाम, कारण दसऱ्याला गावातली दोन-तीन झाडं लोक अक्षरशः बोडकी करतात. जमिनीत अजून ओल आहे तोवर रोप लावलं तर मुळं धरतात. दिवाळीनंतर लावाल तर उन्हाळाभर पाणी घालावं लागेल.

एक गोष्ट सांगायची राहिली आणि ती थोडी अवघड आहे. आमच्या गावात माश्यांची घरं मला सगळ्यात जास्त दिसतात ती कुलूपबंद घरांच्या परसात. दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन माणसं कारखान्यावर जातात, पाडव्याच्या आसपास परततात. मधले महिने त्यांच्या परसाला कुणी हात लावत नाही. प्रबंधात मी ते 'कमी हस्तक्षेप असलेलं परस' असं लिहिलं होतं. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "हस्तक्षेप कोण करणार, माणसंच नाहीत की." ते वाक्य मी बदललं. आता तिथे लिहिलंय: 'ऊसतोडीसाठी स्थलांतरित कुटुंबाचं परस, ऑक्टोबर ते मार्च बंद.'

यंदा पितृपक्षात आईने फोन केला होता. एरंडाच्या एका काडीच्या तोंडाशी चिखलाचा बूच दिसतोय, ती ठेवायची का कापायची, विचारत होती.