छोटी हॉटेले, मोठी बचत : पहाडगंजचा धडा

नवी दिल्ली रेल्वे स्थानकातून पश्चिमेच्या बाजूने बाहेर पडले, की समोर पहाडगंजचा मेन बझार सुरू होतो. नूतन मराठी शाळेमुळे दिल्लीतील मराठी कुटुंबांना हा परिसर पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. फाळणीनंतर निर्वासितांच्या वस्तीने गजबजलेल्या या भागात १९६०-७० च्या दशकांत पाठीवर पिशवी घेतलेले परदेशी प्रवासी उतरू लागले आणि राहत्या घरांची हळूहळू लॉज व हॉटेले झाली. आज येथील अरुंद गल्ल्यांतून दहा, वीस, तीस खोल्यांची कितीतरी हॉटेले शेजारी-शेजारी उभी आहेत.

पर्यावरणपूरक हॉटेल म्हटले, की मराठी वाचकाला मुंबईच्या विमानतळाजवळील ‘ऑर्किड’ आठवते. श्री. विठ्ठल कामत यांनी उभारलेल्या या पंचतारांकित हॉटेलाने १९९० च्या दशकात ‘इकोटेल’ प्रमाणपत्र मिळवून एक आदर्श घालून दिला. परंतु नवी इमारत बांधताना पर्यावरणाचा विचार करणे निराळे आणि चार मजली जुन्या घरात, भाडेपट्ट्यावर, तुटपुंज्या नफ्यात लॉज चालविणाऱ्याने तो करणे निराळे. मग लहान हॉटेलवाल्याने काय करावे?

द्वीपराष्ट्रांचा अनुभव

हा प्रश्न जमैकासारख्या द्वीपराष्ट्रांना फार आधी पडला. पाणी मर्यादित, इंधन बाहेरून आणावयाचे, कचरा टाकण्यास जागा नाही आणि उपजीविका मात्र पर्यटनावर. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तेथील लहान हॉटेलांत ‘पर्यावरण लेखापरीक्षण’ करण्याचा उपक्रम झाला. तज्ज्ञांनी हॉटेलात जाऊन वीज, पाणी, धुलाई आणि कचरा यांवरील खर्चाचा हिशेब मांडला. उपदेशाने जे साधले नसते, ते या हिशेबाने साधले. पहाडगंजला समुद्र नाही; पण उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी आणि कचऱ्यासाठी हातभर जागा नसलेली गल्ली एका अर्थाने बेटच असते.

हिशेब असा मांडावा

चोवीस खोल्यांचा एक लॉज डोळ्यांसमोर आणू या. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट वीज घेतो, तर नव्या बीएलडीसी पंख्याला सुमारे ३० वॅट पुरतात. दिवसाला बारा तास पंखा चालला, तर खोलीमागे अर्ध्या युनिटाहून थोडी अधिक वीज वाचते. चोवीस खोल्यांत आणि वर्षाच्या २५० दिवसांत ही बचत सुमारे ३,२४० युनिट होते. युनिटला १० रुपये दर धरला, तर वर्षाला ३२,४०० रुपये. पंख्याची किंमत ३,००० रुपये धरल्यास एकूण खर्च ७२,००० रुपये. म्हणजे सव्वादोन वर्षांत भांडवल वसूल.

वातानुकूलन यंत्राचे तापमान एक अंशाने वाढविल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे सांगणे आहे. येथे खर्च शून्य. केवळ खोलीत एक विनंतीपत्र लावावयाचे.

पाण्याचेही तसेच. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला पंधरा-वीस लिटर पाणी वाया घालवितो. शौचालयाच्या जुन्या टाकीतून एका वेळी दहा लिटर पाणी जाते; दोन कळांच्या नव्या टाकीत तीन किंवा सहा लिटरांत काम भागते. चादरी-टॉवेल बाहेर धुण्यास देणाऱ्या लॉजला नगामागे पैसे मोजावे लागतात. दोन-तीन दिवस राहणाऱ्या पाहुण्याला ‘टॉवेल रोज बदलावा काय?’ एवढे विचारले, तरी बचत त्याच दिवशी दिसू लागते.

प्लॅस्टिकच्या बाटल्यांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. सिक्कीममधील लाचेन गावाने २०१२ मध्ये बाटलीबंद पाण्यावर बंदी घातली. पहाडगंजात मात्र परदेशी पाहुण्याला पोटाच्या विकाराची धास्ती असते. म्हणून प्रत्येक मजल्यावर शुद्ध पाण्याची सोय करताना पाण्याच्या तपासणीचा अहवाल तेथेच लावणे आवश्यक आहे. विश्वास बसला तरच बाटली सुटते. शुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणारे पाणी फरशी पुसण्यास वापरता येते.

सौर बंबाबाबत मात्र घाई नको. दिल्लीत गरम पाण्याची खरी गरज हिवाळ्यातच असते आणि त्याच दिवसांत धुके सूर्य झाकते. शिवाय येथील गच्चीवर पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या चादरी आणि उपाहारगृह हे सारे जागेसाठी भांडत असतात. म्हणून क्रम असा असावा : आधी गळती व सवयी, मग पंखे-दिवे, शेवटी सौर साधने.

खरी अडचण भाडेपट्ट्याची

हे सारे फायद्याचे असूनही होत का नाही? इमारत एकाची, धंदा दुसऱ्याचा. मालक म्हणतो, ‘वीजबिल मी भरत नाही.’ चालक म्हणतो, ‘पट्टा तीन वर्षांचा, नळ-टाक्या बदलून लाभ कोणाला?’ या दोघांच्या मधल्या फटीतून वीज आणि पाणी वाहून जाते. तोडगा कराराच्या कागदातच आहे. जे काढून नेता येते, ते (पंखे, दिवे) चालकाने घ्यावे. जे भिंतीत बसते, ते (नळ, टाक्या, वायरिंग) मालकाने करावे आणि त्याचा वाजवी भाग भाड्यात धरावा. पट्ट्याची मुदत व परतफेडीचा काळ यांचा मेळ बसला, की दोघांचाही आक्षेप उरत नाही.

थांबण्यातही आता जोखीम आहे. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरण्याच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. दिल्लीत हवेची प्रत घसरली, की डिझेल जनित्रांवर आणि कोळशाच्या तंदुरीवर निर्बंध येतात. ऐन हंगामात धावपळ करण्यापेक्षा आधीची तयारी स्वस्त पडते.

बँकेची भूमिका

२००६ च्या कायद्याने लहान हॉटेलांसारखे सेवा उद्योगही सूक्ष्म व लघु उद्योगांच्या कक्षेत आले. २००० साली सुरू झालेली पतहमी योजना आणि २०१५ ची मुद्रा योजना यांमुळे पात्र उद्योजकाला तारणाविना कर्जाचा मार्ग खुला झाला. ग्राहकांनी शाखेत येताना बारा महिन्यांची वीज व पाण्याची बिले, साधनांची दरपत्रके आणि भाडेपट्ट्याची प्रत सोबत आणावी. आमच्या सहकाऱ्यांनीही केवळ तारण न पाहता मासिक बचत आणि मासिक हप्ता शेजारी-शेजारी मांडून पाहावेत. हप्ता बचतीपेक्षा कमी असेल, तर ते कर्ज स्वतःच स्वतःला फेडते.

पहाडगंज असो वा महाबळेश्वर, गणपतीपुळे असो वा कळंगुट, लहान हॉटेलवाल्याने आज रात्री मागील वर्षाची बिले काढून बसावे. पर्यावरणरक्षणाचा पहिला धडा त्यातच लिहिलेला आहे.