फील्ड रोबोट इव्हेंट

फील्ड रोबोट इव्हेंट ही विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी घेतली जाणारी आंतरराष्ट्रीय अभियांत्रिकी स्पर्धा आहे. तीत विद्यार्थ्यांनी तयार केलेले स्वयंचलित यंत्रमानव खऱ्याखुऱ्या मक्याच्या शेतात चालवून पाहिले जातात. नेदरलँड्समधील वागेनिंगेन विद्यापीठाने 2003 मध्ये ही स्पर्धा सुरू केली. त्यानंतर ती जर्मनी, डेन्मार्क, चेक प्रजासत्ताक, स्लोव्हेनिया व इंग्लंड या देशांतही भरली. 2021 मध्ये करोना साथीमुळे ती संगणकावरील आभासी शेतात घेण्यात आली.

पार्श्वभूमी

अवजड ट्रॅक्टर वारंवार फिरल्याने जमीन दबते, पाणी कमी मुरते आणि मुळांची वाढ खुंटते. सरसकट फवारणीत तण नसलेल्या जागीही तणनाशक पडते. वजनाने हलके, रोप व तण यांतील फरक ओळखून नेमक्या जागी काम करणारे यंत्र हा या दोन्ही अडचणींवरील एक संभाव्य उपाय मानला जातो. अशा यंत्रांच्या निर्मितीकडे विद्यार्थ्यांना वळवणे हा स्पर्धेचा हेतू आहे.

स्वरूप

मक्याच्या दोन ओळींतील अंतर साधारणपणे 75 सेंटिमीटर असते. पूर्वीच्या नियमांनुसार पहिल्या फेरीत यंत्रमानवाने वळणदार ओळींमधून तीन मिनिटांत शक्य तितके अंतर कापायचे असे. दुसऱ्या फेरीत ओळी सरळ असत. परंतु मधली काही रोपे नसत आणि कोणत्या क्रमाने कोणत्या ओळीत शिरायचे हे आधी सांगितलेले असे. उदाहरणार्थ, 'तीन डावीकडे' याचा अर्थ बाहेर पडताच डावीकडे वळून तिसऱ्या वाटेत शिरणे. पुढील फेऱ्यांत तण ओळखणे, त्याची जागा नोंदवणे, फवारणी करणे अशी कामे असतात व त्यांचे तपशील बदलत राहतात. मुक्त फेरीत संघ स्वतःची कल्पना मांडतो.

ओळींतील फेऱ्यांमध्ये उपग्रहावर आधारित स्थाननिश्चिती वापरता येत नाही; कॅमेरा, लेसर इत्यादी संवेदकांच्या आधारे पीक पाहूनच वाट शोधावी लागते. रोपांची हानी झाल्यास किंवा यंत्राला हात लावावा लागल्यास गुण वजा होतात. आणीबाणीत यंत्र थांबवणारे बटण सक्तीचे असते.

आव्हाने

प्रयोगशाळेत बिनचूक चालणारे यंत्र शेतात अडखळू शकते. ऊन-सावलीने कॅमेऱ्याला दिसणारे रंग बदलतात. वाऱ्याने हलणारी पाने संवेदकाला अडथळा भासतात. ओल्या मातीत चाके जागीच फिरतात. त्यामुळे चाकांच्या फेऱ्यांवरून मोजलेले अंतर चुकते. म्हणून यंत्ररचना, इलेक्ट्रॉनिकी, संगणकशास्त्र आणि शेती यांचे ज्ञान एकाच संघात असणे उपयुक्त ठरते.

महत्त्व

स्पर्धेतील यंत्रमानव आकाराने लहान असतात आणि ते लगेच शेतकऱ्याच्या कामी येतील अशी अपेक्षा नसते. संघांनी आपल्या यंत्रांची केलेली तांत्रिक वर्णने मात्र संकलित करून प्रकाशित केली जातात. त्यामुळे एका वर्षीचा अनुभव पुढील विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी उपलब्ध होतो.