कणगीचे राखणदार

कोकणातील शेतकऱ्याचे वर्ष पावसाच्या चालीने चालते. वैशाखात तो घर शाकारतो, सर्पण व गोवऱ्या पडवीत रचतो आणि गुरांसाठी पेंढा माळ्यावर चढवतो. जूनमध्ये मृगाचा पाऊस पडला की पेरणी होते. पुढे आषाढात लावणी आणि आश्विन-कार्तिकात कापणी व झोडणी होते. शेवटी बांबूची कणगी शेणाने सारवून तिच्यात भात भरले जाते. घरातील सर्वांच्या वर्षभराच्या श्रमांचे फळ त्या कणगीत साठलेले असते.

या धान्यावर उंदरांचा डोळा असतो. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून तो सदैव काही ना काही कुरतडतो. उंदराची मादी सुमारे तीन आठवड्यांत पिल्लांना जन्म देते आणि ती पिल्ले दोन-तीन महिन्यांत स्वतः वीण देऊ लागतात. त्यांना आवरण्यासाठी शेतकरी मांजर पाळतो. परंतु मांजराची सत्ता घर आणि अंगण एवढ्यापुरतीच! बांधावरच्या खोल बिळांत ते शिरू शकत नाही.

तेथे न पाळलेले राखणदार कामास येतात. दिवसा धामण बिळात शिरून उंदरांचा फडशा पाडते. रात्री गव्हाणी घुबड पंखांचा आवाज न करता शेतावरून फिरते आणि गवतातील बारीकशा खसखशीवरून अंधारातही भक्ष्य अचूक टिपते. ते उंदीर सबंध गिळते व न पचलेली हाडे आणि केस यांची गोळी ओकून टाकते. त्याच्या बसण्याच्या जागेखाली पडलेल्या या गोळ्या फोडून पाहिल्या, तर त्यांत उंदरांच्या कवट्या सापडतात. घुबडाच्या उपकाराचा याहून चांगला पुरावा कोणता?

तथापि घुबडाला अशुभ मानून लोक त्याला हाकलतात. धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, असेही सांगितले जाते. सापाच्या तोंडाची रचनाच अशी असते, की त्याला दूध ओढून पिता येत नाही. धामण बिनविषारी आहे. तिला फणाही नसतो. तरी नाग समजून तिला ठेचले जाते. एक धामण मेली, की तिने खाल्ले असते ते सारे उंदीर कणगीकडे वळतात. 1972 च्या वन्य जीव संरक्षण कायद्यानेही धामणीला संरक्षण दिले आहे.

याचा अर्थ सापांशी सलगी करावी असा मात्र नव्हे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे विषारी साप याच परिसरात राहतात. पावसाने बिळांत पाणी शिरले, की साप कोरड्या जागेच्या शोधात सर्पणाच्या ढिगात येतात. म्हणून सर्पण घरापासून दूर रचावे, रात्री हातात दिवा व काठी घेऊनच बाहेर पडावे आणि कोणताही साप हाताळू नये. साप चावल्यास त्या माणसाला धीर द्यावा, चावलेला अवयव हलू देऊ नये आणि मांत्रिकाकडे वेळ न दवडता त्याला थेट रुग्णालयात न्यावे. सर्पविषावरील औषध तेथेच मिळते.

मांजराला निदान दुधाची वाटी तरी मिळते. धामण आणि घुबड शेतकऱ्यापाशी काहीच मागत नाहीत. त्यांना त्यांच्या वाटेने जाऊ द्यावे, एवढेच त्यांचे वेतन होय.